घरातल्या झाडाला कुंडी कुठल्या साइजची घ्यायची आणि आत लायनर कुठला बसवायचा

दुकानात प्लँटर आवडला म्हणून उचलला, घरी आणला, आणि नर्सरीतून आणलेली कुंडी त्याच्यात जातच नाही. किंवा जाते पण थेट तळाला जाऊन बसते आणि वरून फक्त चार पानं डोकावतात. नवीन झाडं लावणाऱ्या निम्म्या लोकांचं इथंच अडतं, कारण आपण खरेदी उलट्या क्रमाने करतो. आधी झाड, मग आतली कुंडी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचा प्लँटर, हा क्रम धरला की बाकीचं सगळं टेप लावून मोजायचं काम आहे, त्यात अवघड काही नाही.

खाली मी प्लँटर म्हणतोय तो बाहेरचा, दिसायला छान, बहुतेक वेळा खाली भोक नसलेला. लायनर म्हणजे आतली साधी प्लास्टिकची भोकं असलेली कुंडी, जिच्यात झाड प्रत्यक्ष लावलेलं असतं, आपल्याकडचे नर्सरीवाले तिला नर्सरी पॉट किंवा इनर पॉट म्हणतात.

दोन-दोन कुंड्यांचा खटाटोप कशाला असं वाटत असेल तर सोलापुरात त्याला तीन कारणं आहेत. एक म्हणजे फ्लॅटमध्ये पाणी घातल्यावर खालून निघालेलं लाल पाणी फरशीवर पसरत नाही. दुसरं, बोअरचं पाणी जड आहे, मातीवर पांढरा थर धरतो, तो धुवायला झाड उचलून मोरीत नेता आलं पाहिजे आणि लायनर असला तरच ते जमतं. तिसरं, उन्हाळ्यात पारा 42-43 वर गेला की पश्चिमेच्या खिडकीजवळची कुंडी हाताला चटका देते, तिथं दोन भिंतींच्या मधली हवा मुळांना थोडा तरी आडोसा देते.

लागणारं सामान

- शिवणकामाची कापडी टेप (लोखंडी टेप कुंडीच्या आत वाकत नाही, आणि युनिफॉर्म शिवणाऱ्या या गावात कापडी टेप कुणाकडेही मिळेल)
- जुना पुठ्ठा आणि कात्री
- मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे
- फरशीचे किंवा फुटक्या कौलाचे तुकडे, लायनर वर उचलायला
- खुरपं, घमेलं, जुने पेपर
- मोठी सिरिंज, मेडिकलमध्ये मिळते, कशाला ते पुढं सांगतो
- फोनमध्ये एक नोट, त्यात सगळी मापं लिहून ठेवा, दुकानात गेल्यावर काही आठवत नाही

1. आधी झाडाचं आत्ताचं माप घ्या

झाड नर्सरीतून प्लास्टिकच्या कुंडीत आलं असेल तर सोपं आहे, वरच्या तोंडाचं माप घ्या, काठाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत. 6 इंची कुंडी म्हणजे वरचं तोंड 6 इंच, खालचा तळ त्याच्या साधारण पाऊणपट असतो.

काळ्या पिशवीत आलं असेल तर मात्र सांभाळा. पिशवीचं माप ती सपाट ठेवून घेतलेलं असतं. 6 बाय 8 ची पिशवी म्हणजे सपाट असताना रुंदी 6 इंच, मग तिचा घेर झाला 12 इंच, आणि माती भरून ती गोल झाली की तोंड भरतं जेमतेम पावणेचार ते चार इंच. म्हणजे "6 ची पिशवी आहे, 8 ची कुंडी द्या" असं म्हणून तुम्ही झाडाला एकदम दुप्पट रुंद घर देताय. खात्री करायची तर पिशवीभोवती टेप गुंडाळा, जो घेर येईल त्याला 3.14 ने भागा, तेच खरं माप. भाज्या लावायच्या ज्या जाड हिरव्या ग्रो बॅग मिळतात त्यांचं माप वेगळं, त्या गोल असतात आणि त्यांच्यावर बहुतेक वेळा तोंड आणि उंचीच लिहिलेली असते. दोन्ही एकाच दुकानात शेजारी शेजारी लटकवलेल्या असतात म्हणून घोळ होतो.

मग पिशवी हळूच खाली सरकवून मुळं बघा. गोल गोल गुंडाळलेली पांढरी मुळं बाहेरून दिसत असतील तर मोठी कुंडी हवी. नुसती माती सुटून पडत असेल तर झाडाला अजून आहे तेवढंच पुरे, पिशवीएवढाच लायनर घ्या.

2. नवीन लायनर किती मोठा

नियम एकच, आत्ताच्या मापापेक्षा 1 ते 2 इंच जास्त. 10 इंचाच्या पुढच्या मोठ्या झाडांना 2 ते 3 इंच चालतं. यापेक्षा मोठा घेऊ नका, कितीही वाटलं की "एकदाच मोठी घेऊ, परत परत बदलायला नको". मुलांची शाळेची पँट वाढत्या अंगाची घेतलेली चालते, कुंडी चालत नाही.

कारण बघा. तोंड 6 चं 8 झालं तर दिसायला 2 इंचाचाच फरक आहे, पण उंचीही त्याच प्रमाणात वाढते आणि आतली माती सव्वादोनपटीच्या वर जाते. 6 वरून थेट 12 वर गेलात तर आठपट. झाडाची मुळं तेवढीच, पाणी पिणारी तोंडं तेवढीच, आणि भोवती ही एवढी ओली माती. घरात ऊन नाही, वारं नाही, ती माती आठ-आठ दिवस वाळत नाही आणि मुळं कुजतात. वरून पानं पिवळी पडून लोंबतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो. घरातली झाडं उन्हाने कमी आणि अशी जास्त मरतात.

कुठल्या लायनरमध्ये किती माती बसते याचा अंदाज: 4 इंचात अर्धा ते पाऊण लिटर, 6 इंचात 2 लिटर, 8 इंचात साधारण 5, 10 इंचात 9-10, 12 इंचात 15-17 लिटर. कंपनीप्रमाणे उंची बदलते म्हणून थोडं कमीजास्त धरा. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) 650 ग्रॅमची वीट भिजवली की 8 लिटरच्या आसपास होते, त्यावरून किती विटा घ्यायच्या ते काढता येतं.

झाडानुसार थोडं बदलतं:

स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट यांना अडचणीतच बरं वाटतं. चारी बाजूंनी अर्धा इंच जागा असली तरी पुरे, आणि कुंडी खोल घेण्यापेक्षा बुटकी आणि रुंद घ्या. झीझीला खाली बटाट्यासारखे गड्डे येतात, ते वाढले की प्लास्टिकचा लायनर एका बाजूने फुगलेला दिसतो. तेव्हा बदला, तोपर्यंत हात लावू नका.

एरेका पाम नर्सरीत एका पिशवीत सात-आठ रोपं एकत्र लावून दाट केलेला असतो. तो घरी आणून सुटा करायचा मोह टाळा, मुळं तुटलेली त्याला अजिबात खपत नाहीत. आहे तसा गोळा उचलून 2 इंच मोठ्या लायनरमध्ये ठेवायचा.

मनीप्लांट मॉस स्टिकवर (शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेल्या आधाराच्या काठीवर) चढवायचा असेल तर 8 इंचाच्या खाली जाऊ नका. मुळांना गरज असते म्हणून नाही, काठी ओली झाली की वरून जड होते आणि छोटी कुंडी कलंडते. रबर प्लांट, फिडल लीफ यांचंही तेच, उंच झाडाला खाली वजन लागतं. ते वजन लायनरमध्ये नको, बाहेरच्या प्लँटरच्या तळाशी चार दगड ठेवा.

सिंगोनियम, पीस लिली, अग्लोनिमा, स्पायडर यांना सरळ 1-2 इंचाचा नियम लावा.

जेड आणि बाकी सक्युलंटना (जाड, पाणीदार पानांच्या झाडांना) लायनर-प्लँटरची भानगडच नको, कुंभाराकडची भोक असलेली उथळ मातीची कुंडी आणि खाली ताटली, संपला विषय.

3. लायनरची तीन मापं लिहून घ्या

वरचं तोंड काठासकट, तळ, आणि उंची. काठासकट हे दोनदा वाचा. लायनरला वर जी दुमडलेली पट्टी असते ती धरून 8 इंची कुंडी कधी साडेआठ भरते, आणि नेमकी ती पट्टीच प्लँटरच्या तोंडाला अडकते.

मग पुठ्ठ्याचे दोन गोल कापा, एक काठाच्या मापाचा, एक तळाच्या मापाचा. खरं तर रिकामा लायनरच बरोबर नेला तर सर्वात चांगलं, पण बऱ्याचदा त्यात आधीच झाड असतं, मग पुठ्ठा कामाला येतो. नवी पेठेत गर्दीत स्कूटरवर 10 इंची कुंडी सांभाळत जाण्यापेक्षा दोन पुठ्ठे पिशवीत टाकणं परवडतं.

4. प्लँटर आतून मोजा

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानदार सांगतो ते माप बाहेरचं असतं. सिरॅमिकची भिंत एक सेंटीमीटर, सिमेंटची दोन-अडीच सेंटीमीटर, फायबरला वर आत वळवलेला काठ असतो. म्हणजे 10 इंची सिमेंटचा प्लँटर आतून 8 च भरतो. "बसतंय ओ आरामात, किती जण नेलेत" असं ऐकू येईल, त्यावर हसायचं आणि टेप काढायची.

आतून चार गोष्टी बघा:

तोंड आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत किती.

सगळ्यात अरुंद जागा कुठं आहे. मडक्याच्या आकाराचे, पोट मोठं आणि गळा बारीक असलेले प्लँटर दिसतात फार छान, पण लायनर गळ्यातून गेला पाहिजे, पोट कितीही मोठं असून उपयोग नाही. मोठा पुठ्ठा गळ्यातून आडवा जातो का बघा, तिरका घालून आत सरकवला तर ते धरायचं नाही, झाड तिरकं घालता येत नाही.

खाली निमुळता होत गेलेला असेल तर तळाचा पुठ्ठा खालपर्यंत पोचतो का.

आतली खोली किती. टेप आत सोडून काठाला बोट धरायचं.

आता हिशोब असा, प्लँटरचं आतलं तोंड हे लायनरच्या काठापेक्षा एकूण 2 ते 3 सेंटीमीटर जास्त हवं. म्हणजे दोन्ही बाजूंना बोट आत जाईल एवढी फट राहते आणि लायनर धरून वर उचलता येतो. एकदम घट्ट बसलेला लायनर दिसायला सुंदर, पण मातीला पाणी लागून फुगला की निघत नाही, मग ओढताना काठ तुटतो. फट फार मोठी असेल, तीन-चार इंच, तर नारळाच्या काथ्याने झाकता येते, पण मग एवढा मोठा प्लँटर कशाला घेताय तेही एकदा विचारा स्वतःला.

ऑनलाइन घेताना "आतलं तोंड किती, आतली उंची किती, खाली भोक आहे का" एवढे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ऑर्डर करू नका. फोटोत तीनचा सेट असतो आणि लिहिलेलं माप त्यातल्या सगळ्यात मोठ्याचं असतं, हे फार चालतं.

5. उंची जुळवा

लायनरचा काठ प्लँटरच्या काठाच्या 1-2 सेंटीमीटर खाली असला की प्लास्टिक दिसत नाही आणि झाडही बुडत नाही. प्लँटर खोल असेल, आणि बहुतेक असतोच, तर खाली फरशीचे तुकडे किंवा उलटी ताटली ठेवून लायनर वर घ्या. मातीचा ढीग किंवा चिंध्या ठेवू नका, ओल्या राहतात, वास मारतात.

हे वर उचलणं नुसतं दिसण्यासाठी नाही. जास्तीचं पाणी खाली साठतं, लायनरचा तळ त्या पाण्याला टेकता कामा नये. दोन-तीन सेंटीमीटरची मोकळी जागा ठेवा.

खडे लायनरच्या आत, मातीखाली घालायची पद्धत आहे, आपल्याकडे सगळेच सांगतात. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खाली मोठे खडे लागले की लगेच उतरत नाही, खड्यांच्या वरच्या थरातच अडून राहतं, म्हणजे ओली जागा उलट मुळांच्या जवळ येते. तेच खडे लायनरच्या बाहेर, प्लँटरच्या तळाला ठेवले तर उपयोगाचे. लायनरच्या भोकांवर फक्त जाळीचा तुकडा टाका, माती वाहून जाऊ नये म्हणून.

6. वेगळ्या प्रकारचे प्लँटर

*घंगाळ, हंडा, पितळी पातेलं.* जुन्या घरातली भांडी आता माळ्यावरून खाली येऊन हॉलमध्ये बसली आहेत, आणि खरंच शोभतात. पण माती थेट भरू नका. ओल आणि खताच्या क्षारांनी आतून हिरवं-काळं पडतं, आणि तांब्याचा अंश जास्त झाला की मुळांना तो चालत नाही. वापरातलं भांडं असेल तर भोक पाडायचा तर प्रश्नच नाही, आजी घरात घेणार नाहीत. घंगाळाचा तळ गोलसर आणि खोली कमी असते, एक उंच लायनर ठेवला तर डुगडुगतो आणि काठाच्या वर अर्धा बाहेर दिसतो. त्यापेक्षा 4-5 इंची बुटके तीन-चार लायनर शेजारी शेजारी बसवा, खाली थर्माकोलचा सपाट तुकडा गोलाईत कापून घाला, मधल्या फटीत काथ्या. स्पायडर, सिंगोनियम, पीस लिली असं एकत्र छान भरून दिसतं आणि एखादं खराब झालं तर तेवढंच उचलून बदलता येतं.

*वेताची टोपली.* आत लायनर आणि लायनरखाली खोल ताटली, दोन्ही लागतात. ताटली लायनरच्या तळापेक्षा मोठी पण टोपलीच्या तळापेक्षा लहान, म्हणजे टोपलीचा तळ आतून मोजल्याशिवाय घेऊ नका. जाड प्लास्टिक कागदाचं अस्तर लावायचं असेल तर चुण्या घालत लावा, वरच्या काठाच्या दोन सेंटीमीटर खाली कापा, आणि त्याला भोकं पाडू नका. हे अस्तर फक्त गळणारं पाणी धरायला आहे, झाड लायनरमध्येच राहील. निव्वळ अस्तरात माती भरली की निचऱ्याचा रस्ताच राहत नाही.

*टांगत्या बास्केटचा काथ्याचा लायनर.* आपल्या हवेत हा सकाळी भिजवला की संध्याकाळी कोरडा. काथ्याच्या आत खालच्या अर्ध्या भागाला प्लास्टिक लावा आणि त्याला तळाशी चार भोकं पाडा. त्यातून पाणी टपकणारच, त्यामुळे खाली सोफा असेल तर टांगू नका.

*मातीचा, पॉलिश नसलेला प्लँटर.* भोक नसलं तरी ओल बाहेर झिरपते. लाकडी टेबलावर गोल डाग पडतो, खाली ताटली किंवा जाड टाइल ठेवा.

*सिमेंट.* जड. 12 इंची लायनर ओल्या मातीसकट 15-20 किलो होतो, त्यावर सिमेंटचं वजन. जागा आधी ठरवा, मग भरा.

सिद्धेश्वर यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेले चिनी मातीचे रंगीत प्लँटर असोत की दुकानातले महागडे, झाड ठेवायच्या आधी एकदा पाणी भरून रात्रभर पेपरवर ठेवा. पेपर सकाळी ओला असेल तर बारीक चीर आहे.

7. भरताना

आपली काळी माती एकटी वापरू नका. शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. भिजली की फुगते, वाळली की आकसून लायनरच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं सारखं घ्या, जमलं तर मूठ-दोन मुठी परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे). वरून दोन सेंटीमीटर मोकळं सोडा, काठोकाठ भरली तर पाणी घालताना माती प्लँटरमध्ये सांडते.

एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलू नका. पहिला पाऊस होऊन हवा जरा निवली की जून-जुलैत करा, किंवा मग फेब्रुवारीत. फारच नड असेल तर निदान संध्याकाळी करा आणि चार दिवस झाड कूलरच्या थेट झोतापासून लांब ठेवा.

8. पाणी, आणि प्लँटरच्या तळाचं पाणी

उचलता येतील ते लायनर मोरीत न्या, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला, पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या, परत ठेवा. दोन महिन्यांतून एकदा भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढा, पांढरा थर वरून खरवडून टाका. नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे खरं आहे, म्हणून हे धुणं पाणी आलेल्या दिवशी करा आणि निघालेलं पाणी बाहेरच्या झाडांना टाका.

मोठे लायनर उचलत नाहीत. त्यांच्यासाठी फटीतून एक काडी तळापर्यंत घालून बघायची, ओली आली तर पाणी साठलंय. तेव्हा ती सिरिंज लागते, पुढे सलाइनची नळी लावून फटीतून आत सोडा आणि ओढून काढा.

आठवड्यातून एक दिवस हे बघाच. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. महापालिकेची माणसं घरी आली की कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि टाकी बघतात, प्लँटरच्या आत बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही. कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा साठलेलं सगळं पाणी रिकामं करायचा दिवस) पाळताना कूलरबरोबर प्लँटरही पालथा घाला.

9. परत कधी बदलायचा

भोकातून मुळं बाहेर आली, पाणी घातल्या घातल्या खाली निघून जायला लागलं, किंवा झाड धरून उचललं की मातीसकट सगळा गोळा वर येतो, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की लायनर एक साइज वाढवा. त्याआधी प्लँटरचं लिहून ठेवलेलं आतलं माप बघा, बऱ्याचदा तोच प्लँटर पुढच्या साइजलाही पुरतो, फक्त खालचे फरशीचे तुकडे काढावे लागतात. जुना लायनर घासून धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, शेजाऱ्यांकडून आणलेल्या कटिंगला तो लागतोच.